भाड्याची गाडी, सीमाभागातील टोल आणि हिशेबाची जबाबदारी

बेळगाव हे परराज्यातील शहर असले तरी गोमंतकीयांना ते कधीच परके वाटलेले नाही. औषधोपचार, मुलांचे शिक्षण, लग्नाचा बस्ता, नातेसंबंध अशा अनेक कारणांनी घाट चढून जाणाऱ्यांचा ओघ पिढ्यान्‌पिढ्या सुरू आहे. तेथून पुढे संकेश्वर, निपाणी, कागल आणि कोल्हापूर हा पट्टाही तितकाच परिचयाचा. पूर्वी हा प्रवास एसटीने, कदंबाने किंवा ओळखीच्या टॅक्सीने होत असे. आता स्वतः चालवण्यासाठी भाड्याने गाडी घेऊन जाणाऱ्यांची त्यात भर पडली आहे. कुटुंबात चार-पाच माणसे असतील आणि दोन-तीन ठिकाणी जायचे असेल, तर ही सोय उपयुक्त ठरते.

गोव्यातील रोजच्या प्रवासात टोलनाक्याची सवय नसल्यामुळे या सोयीतील एक बाब मात्र सहसा शेवटी लक्षात येते. रस्ता वापरतो गाडी चालवणारा. पण टोल कापला जातो गाडीच्या काचेवर चिकटवलेल्या फास्टॅगच्या खात्यातून, आणि ते खाते असते गाडीमालकाचे. स्वतःच्या गाडीत या दोन्ही व्यक्ती एकच असतात. भाड्याच्या गाडीत त्या वेगळ्या होतात आणि गाडी परत करताना अनामत रकमेतून किती पैसे वजा व्हावेत यावर वाद उभा राहतो. हा वाद टाळायचा असेल तर टोल कोठे लागतो, किती लागतो, टॅग चालला नाही तर काय होते आणि तक्रार करण्याचा अधिकार कोणाचा, हे निघण्यापूर्वी ठाऊक असणे आवश्यक आहे.

मार्ग आणि टोलनाके

गोव्यातून बेळगावला जाण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिला साखळी, केरी, चोर्ला घाट, कणकुंबी, जांबोटी असा. अंतर कमी आणि टोलनाका नाही, म्हणून लहान गाड्यांची पसंती याच मार्गाला असते. पावसाळ्यात मात्र रस्त्याच्या स्थितीची चौकशी करूनच निघावे लागते. दुसरा मार्ग मोले, अनमोड घाट, रामनगर, लोंढा आणि खानापूर असा आहे. हा राष्ट्रीय महामार्ग ७४८, म्हणजे जुन्या क्रमांकानुसार ४-अ. या मार्गावर खानापूर आणि बेळगाव यांच्या दरम्यान गणेबैल येथे टोलनाका आहे.

बेळगावहून पुढचा प्रवास राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून होतो. जुन्या पिढीच्या तोंडी तो अजूनही ‘पुणे-बंगळूर रोड’ किंवा ‘एन एच फोर’ असतो. दिल्लीहून जयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे, बेळगाव, बंगळूर असा चेन्नईपर्यंत जाणारा हा महामार्ग सीमाभागाची मुख्य रक्तवाहिनी आहे. बेळगावहून उत्तरेस निघाल्यावर काकती, यमकनमर्डी ओलांडून हत्तरगीचा टोलनाका येतो. त्यानंतर संकेश्वर, तवंदी घाट आणि निपाणी. निपाणीच्या उत्तरेस, दूधगंगा नदी ओलांडून कागलला पोहोचण्यापूर्वी, कोगनोळीचा टोलनाका आहे. बेळगावच्या दक्षिणेस कित्तूर-धारवाडच्या दिशेने जाणाऱ्यास हिरेबागेवाडीचा नाका लागतो.

यावरून साधा हिशेब मांडता येतो. चोर्ल्यामार्गे बेळगावला जाऊन परतणाऱ्यास टोल लागत नाही. अनमोडमार्गे गेल्यास गणेबैलचा लागतो. बेळगावहून निपाणी शहरापर्यंतच जायचे असेल तर केवळ हत्तरगीचा टोल पडतो. कोल्हापूरला अंबाबाईच्या किंवा जोतिबाच्या दर्शनाला जाणाऱ्यास हत्तरगी आणि कोगनोळी असे दोन्ही नाके ओलांडावे लागतात. सावंतवाडी, आंबोली, आजरा, गडहिंग्लज या मार्गाने येणारा प्रवासी संकेश्वरजवळ महामार्गास मिळतो. त्यामुळे तेथून निपाणीकडे वळल्यास हत्तरगीचा नाका त्याच्या वाटेत येत नाही. गाडी भाड्याने देणाऱ्याने ठोक रक्कम सांगितली असेल, तर ती कोणत्या मार्गासाठी आहे हे विचारणे म्हणूनच योग्य ठरते.

दर कसा ठरतो

राष्ट्रीय महामार्गांवरील पथकर केंद्र सरकारच्या २००८ च्या शुल्कनिश्चिती व वसुली नियमांनुसार आकारला जातो. वाहन कोणत्या राज्यात नोंदले आहे याचा दराशी संबंध नाही. जीए, केए-२२, केए-२३ किंवा एमएच-०९, पाटीवर काहीही असले तरी मोटार, जीप आणि व्हॅन या वर्गाचा मूळ दर एकच असतो. भाड्याची गाडी व्यावसायिक नोंदणीची असली तरी मोटारीच्या एकेरी फेरीस वेगळा, वाढीव दर नाही. दरवर्षी १ एप्रिलला दरांचा फेरआढावा होतो आणि नवे दर नाक्यावरील फलकावर लावले जातात. मागील वर्षीच्या पावतीवरून चालू वर्षाचा अंदाज बांधल्यास थोडा फरक पडतो, तो या कारणाने. दुचाकींना राष्ट्रीय महामार्गावर टोल नाही; भाड्याने घेतलेल्या दुचाकीलाही हेच लागू होते.

परतीच्या प्रवासाची सवलत अनेकांना माहीत नसते. एकाच नाक्यावरून २४ तासांच्या आत परत आल्यास जाण्यायेण्याचा एकूण टोल एकेरी दराच्या दीडपट होतो. एकेरी दर शंभर रुपये असेल तर जाताना शंभर आणि २४ तासांच्या आत परतताना पन्नास कापले जातात. फास्टॅग असलेल्या गाडीस त्यासाठी वेगळी पावती मागावी लागत नाही. यंत्रणा पहिल्या फेरीची वेळ पाहून पुढील कपात आपोआप करते. मात्र जाताना हत्तरगीचा नाका ओलांडून परतताना आंबोलीचा घाट धरला, तर हत्तरगीच्या नाक्यावर ही सवलत मिळण्याचा प्रश्नच येत नाही. दुसरीकडे, गाडी देणारा दोन पूर्ण टोल मागत असेल आणि प्रवास त्याच नाक्यावरून एका दिवसात झाला असेल, तर प्रत्यक्ष कपातीचे विवरण मागणे हा ग्राहकाचा रास्त आग्रह होय.

नाक्यापासून २० किलोमीटरच्या परिसरात राहणाऱ्यांच्या खासगी वाहनांसाठी सवलतीचा मासिक पास असतो. कोगनोळी किंवा हत्तरगीच्या आसपास राहणारे नातेवाईक ज्या दरात ये-जा करतात, तो दर पाहुण्याच्या भाड्याच्या गाडीला मिळत नाही. ही सवलत मालकाचा पत्ता आणि वाहनाचा खासगी वापर या दोन अटींवर उभी आहे, आणि गोव्यातून आलेली व्यावसायिक गाडी यांपैकी एकही अट पूर्ण करत नाही.

टॅग मालकाचा, प्रवास भाडेकरूचा

फास्टॅग ही रेडिओ लहरींवर वाचली जाणारी पट्टी आहे. २०१४ मध्ये प्रायोगिक स्वरूपात तिची सुरुवात झाली आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवरील सर्व टोल मार्गिका फास्टॅगच्या झाल्या. प्रत्येक टॅग एका विशिष्ट वाहनाच्या क्रमांकाशी जोडलेला असतो. स्वतःच्या गाडीचा टॅग काढून भाड्याच्या गाडीत हातात धरून दाखवण्याचा मोह काहींना होतो. हा उपाय नव्हे. टॅग एका गाडीचा आणि वाहन दुसरे असल्याचे आढळल्यास वसुली अवैध ठरू शकते आणि असा सुटा टॅग काळ्या यादीतही जाऊ शकतो. पुढे स्वतःच्या गाडीने निघाल्यावर तोच टॅग बंद पडलेला आढळतो.

भाड्याच्या गाडीच्या टॅगमध्ये पैसे कोणी भरायचे याच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिल्या पद्धतीत मालक खात्यात रक्कम ठेवतो आणि गाडी परत आल्यावर झालेली कपात ग्राहकाकडून घेतो. दुसऱ्या पद्धतीत ग्राहकच प्रवासापूर्वी टॅगमध्ये पैसे भरतो. वाहन क्रमांक आणि टॅग देणारी बँक ठाऊक असल्यास कोणत्याही यूपीआय अॅपमधून दुसऱ्याच्या टॅगमध्ये रक्कम भरता येते; त्यासाठी मालकाच्या संकेतशब्दाची गरज नसते.

दुसरी पद्धत सोपी वाटते, पण तिच्यात एक खाच आहे. भरलेली रक्कम मालकाच्या खात्यात जमा होते आणि उरलेली शिल्लक तेथेच राहते. हजार रुपये भरून चारशेचा टोल लागला, तर उरलेले सहाशे परत मिळवण्याची कोणतीही सोय यंत्रणेत नाही. ते मालकाने हिशेबात वळते करावे लागतात. म्हणून टॅगमध्ये वाटेवरच्या नाक्यांपुरतीच रक्कम भरावी, भरण्यापूर्वीची शिल्लक मालकाकडून विचारून घ्यावी आणि भरणा झाल्याची नोंद जपून ठेवावी.

काही व्यावसायिकांच्या अनेक गाड्या एकाच मुख्य खात्याला जोडलेल्या असतात. अशा वेळी आपल्या गाडीचा टॅग चालेल की नाही हे इतर गाड्यांनी त्या दिवशी किती टोल भरला यावरही अवलंबून राहते. शनिवार-रविवारच्या गर्दीत खाते रिकामे झाले, तर संकेश्वरच्या पुढे निघालेल्या ग्राहकाला त्याची कल्पना कोगनोळीच्या फाटकाशी आल्यावरच येते. निघताना शिल्लक पाहिली होती, एवढ्यावर विसंबून चालत नाही.

टॅग चालला नाही तर

टॅगमध्ये शिल्लक नसणे, ओळखपत्राची कागदपत्रे अपुरी असल्याने टॅग बंद होणे किंवा तो काळ्या यादीत जाणे, ही टॅग नाकारला जाण्याची नेहमीची कारणे आहेत. यांपैकी शिल्लक ग्राहक भरू शकतो. कागदपत्रांची पूर्तता मात्र केवळ मालकाच्या हातात असते.

वैध टॅग नसलेल्या वाहनाकडून पूर्वी दुप्पट टोल घेतला जाई. १५ नोव्हेंबर २०२५ पासून त्यात बदल झाला. त्या बदलानुसार अशा वाहनाने यूपीआयने पैसे दिल्यास सव्वापट आणि रोख दिल्यास दुप्पट आकारणी ठरवण्यात आली. म्हणजे शंभर रुपयांच्या टोलसाठी टॅग चालल्यास शंभर, यूपीआयने एकशे पंचवीस आणि रोखीने दोनशे. दोन नाके आणि जाणे-येणे धरले तर हा फरक लहान राहत नाही.

ही जास्तीची रक्कम कोणी सोसायची, हा खरा वादाचा मुद्दा आहे. टोल हा रस्ता वापरल्याबद्दलचा आकार असल्याने तो प्रवाशाने द्यावा, यात दुमत नाही. परंतु टॅग सुस्थितीत ठेवणे हे गाडीचे टायर आणि विमा सुस्थितीत ठेवण्यासारखेच मालकाचे काम आहे. कागदपत्रांअभावी टॅग बंद असेल तर वाढीव आकार ग्राहकावर टाकणे न्याय्य ठरत नाही. उलट, शिल्लक भरण्याची जबाबदारी ग्राहकाने स्वीकारली असेल आणि ती पाळली नसेल, तर भुर्दंड त्याचाच. हा भेद करारात लिहिलेला नसतो आणि म्हणूनच गाडी परत करताना आवाज चढतात.

टॅग वैध असून त्यात पुरेशी शिल्लक असेल आणि नाक्यावरील यंत्र बंद पडल्यामुळे वाचन होत नसेल, तर मात्र वाहनास टोल न घेता सोडावे असा नियम आहे. त्या वेळी शून्य रकमेची पावती दिली जाते. अशा प्रसंगी जास्तीचे पैसे भरून मोकळे होण्याऐवजी टॅगची स्थिती दाखवून ही पावती मागावी. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची १०३३ ही मदतवाहिनी चोवीस तास चालू असते.

चुकीची किंवा दुहेरी कपात झाल्यास तक्रार टॅग देणाऱ्या बँकेकडे करावी लागते, आणि ती करण्याचा अधिकार खातेदाराचा, म्हणजे मालकाचा असतो. कपातीचा संदेशही त्याच्याच भ्रमणध्वनीवर जातो. पैसे गेले ग्राहकाचे आणि दाद मागायची मालकाने, अशी ही रचना आहे. परत मिळालेली रक्कमही मालकाच्याच खात्यात येते. ग्राहक तोवर घरी पोहोचलेला असतो. यासाठी नाका ओलांडल्याची वेळ लिहून ठेवणे आणि गाडी परत करतानाच कपातीचे संदेश समोर ठेवून ताळा घेणे, एवढाच व्यवहार्य मार्ग उरतो.

वार्षिक पास आणि पांढऱ्या पाटीची गाडी

१५ ऑगस्ट २०२५ पासून केंद्र सरकारने खासगी मोटारींसाठी फास्टॅगचा वार्षिक पास सुरू केला. सुरुवातीस त्याची किंमत तीन हजार रुपये ठेवण्यात आली आणि त्यावर एक वर्ष किंवा दोनशे फेऱ्या, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवर प्रवास करता येतो. हा पास केवळ अव्यावसायिक मोटार, जीप आणि व्हॅन यांनाच मिळतो व तो दुसऱ्या वाहनास लावता येत नाही. व्यावसायिक वापर आढळल्यास तो पूर्वसूचनेशिवाय बंद होऊ शकतो.

स्वतः चालवण्यासाठी कायदेशीररीत्या भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. चालकासह मिळणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी व अक्षरे काळी. खासगी गाडीची पाटी पांढरी. काळ्या पाटीच्या गाडीला वार्षिक पास मिळत नाही, त्यामुळे तिला प्रत्येक नाक्यावर पूर्ण टोल पडतो. ‘आमच्या गाडीला पास आहे, टोल लागणार नाही’ असे कोणी सांगत असेल, तर ती गाडी बहुधा पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी नोंदणीची असते.

गोव्यात खासगी गाड्या भाड्याने देण्याचा प्रकार नवा नाही आणि त्याविरुद्ध वाहतूक खात्याच्या कारवायाही होत असतात. राज्याबाहेर नेल्यावर अशा गाडीची जोखीम वाढते. पोलिसांनी अडवल्यास गाडी भाड्याची आहे हे सांगता येत नाही. नातेवाइकाची आहे असे सांगण्याची वेळ येते. अपघात झाल्यास खासगी वापराच्या विम्यावर व्यावसायिक वापराचा आक्षेप येऊ शकतो. टोलचे दोन-तीनशे रुपये वाचवण्याच्या लोभात पत्करलेली ही जोखीम फार महाग पडते.

टोल नसलेले नाके

सीमाभागात ‘नाका’ हा शब्द अनेक अर्थांनी वापरला जातो आणि त्यामुळे गोंधळ होतो. गोव्यातून कर्नाटकात शिरताना कणकुंबी व अनमोड येथे अबकारी खात्याची तपासणी होते. तेथे पाहिले जाते ते गाडीत मद्य आहे का हे. तेथे पथकर नसतो. भाड्याच्या गाडीत आधीच्या ग्राहकाची बाटली डिकीत राहून गेली असेल, तर उत्तर द्यावे लागते चाकामागे बसलेल्यालाच. निघण्यापूर्वी डिकी उघडून पाहणे हा यावरचा साधा उपाय. जकात आणि विक्रीकराचे तपासणी नाके मात्र काळाच्या ओघात इतिहासजमा झाले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्यांच्या सीमेवरील विक्रीकराची तपासणी थांबली.

टोलनाकाही या भागात केवळ टोलपुरता राहिलेला नाही. करोनाच्या काळात कोगनोळी हे कर्नाटकात प्रवेश करणाऱ्यांच्या तपासणीचे ठिकाण झाले होते. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न तापला तेव्हा हिरेबागेवाडी नाक्याजवळ महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली, आणि त्याच महिन्यात बेळगावातील मेळाव्यासाठी निघालेल्या महाराष्ट्रातील नेत्यांना कोगनोळीजवळ अडवण्यात आले. महामार्गावर सर्व वाहने ज्या जागी थांबतात, तीच जागा तपासणीची आणि आंदोलनाची होते. वातावरण तणावाचे असेल तर गाडी घेऊन निघण्यापूर्वी त्या दिवसाच्या बातम्या पाहणे आणि परतीचा दुसरा मार्ग ठरवून ठेवणे हे शहाणपणाचे.

भाड्याची गाडी राज्याबाहेर नेण्यास अखिल भारतीय पर्यटक परवाना लागतो. १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेखाली चालणाऱ्या गाड्यांना तो असणे अपेक्षित आहे. परवान्याची प्रत, नोंदणी, विमा आणि भाडेकरार ही कागदपत्रे गाडीत असावीत. काही व्यावसायिक करारात ‘गोव्याबाहेर नेऊ नये’ अशी अट घालतात. ती न वाचता घाट चढणाऱ्याला टोलपेक्षा मोठा दंड अनामत रकमेतून भरावा लागू शकतो. फास्टॅगच्या कपातीत नाक्याचे नाव येते, त्यामुळे गाडी कोठे गेली होती हे लपून राहत नाही.

परदेशातील पद्धत

हाच प्रश्न परदेशात भाड्याची गाडी चालवणाऱ्या गोमंतकीयांना वेगळ्या रूपात भेटतो. पोर्तुगालमध्ये ‘व्हिया व्हेर्दे’ ही इलेक्ट्रॉनिक टोलव्यवस्था १९९१ पासून चालू आहे. तेथील काही महामार्गांवर फाटकच नव्हते; कमानीवरील यंत्र गाडीचे उपकरण किंवा पाटी टिपत असे आणि टोल नंतर भरावा लागे. अल्गार्व्हमधील ए-२२ सह अशा अनेक मार्गांवरील टोल १ जानेवारी २०२५ पासून रद्द झाला. लिस्बनचे पूल आणि इतर प्रमुख महामार्ग यांवर तो कायम आहे. भाड्याच्या गाडीत सहसा टोलचे उपकरण बसवलेले असते, आणि टोलखेरीज त्या उपकरणाचे वेगळे भाडे लागते की नाही हे करारात नमूद असते.

ब्रिटनमध्ये लंडनजवळच्या डार्टफर्ड येथील टेम्स नदीच्या मार्गावरील फाटके २०१४ मध्ये काढण्यात आली. सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत तो मार्ग वापरणाऱ्याने दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत ऑनलाइन पैसे भरायचे असतात. विसरल्यास दंडाची नोटीस गाडीच्या नोंदणीकृत धारकाकडे, म्हणजे भाडे कंपनीकडे जाते. कंपनी ती ग्राहकाकडे वळवते आणि स्वतःचा कार्यालयीन आकारही त्यात जोडते. दुबईत २००७ पासून ‘सालिक’ व्यवस्था आहे. तेथेही गाडी न थांबता कमानीखालून जाते आणि भाडे कंपनी प्रवासानंतर प्रत्येक फेरीचा हिशेब ग्राहकाच्या कार्डावर टाकते.

या तिन्ही ठिकाणी मूळ अडचण आपल्यासारखीच आहे: नोंदणी एकाची, प्रवास दुसऱ्याचा. फरक आहे तो लेखी व्यवहाराचा. टोल कोणाच्या खात्यातून जाईल, त्यावर सेवाआकार किती, दंड आल्यास जबाबदारी कोणाची, हे गाडीची किल्ली हाती येण्यापूर्वी कागदावर असते. आपल्याकडे हे सारे ‘आल्यावर बघू’ या दोन शब्दांवर चालते.

भारतातही फाटकाविना टोलवसुलीची तयारी सुरू झाली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये याच महामार्ग ४८ वरील गुजरातमधील चोर्यासी नाक्यासाठी अशा पद्धतीचा पहिला करार झाला. ही पद्धत सीमाभागापर्यंत पोहोचेल तेव्हा नाक्यावर थांबून प्रश्न मिटवण्याची संधीही उरणार नाही. थकलेला टोल गाडीच्या क्रमांकावर चढेल आणि ती गाडी त्या दिवशी कोणाकडे होती हे सिद्ध करण्यासाठी लेखी करारच कामी येईल.

परदेशातून आलेल्यांची अडचण

ब्रिटन, पोर्तुगाल किंवा आखातातून सुटीसाठी आलेली कुटुंबे दाबोळी किंवा मोपा विमानतळावर उतरून भाड्याची गाडी घेतात आणि बेळगाव-निपाणीकडील आप्तांना भेटायला निघतात. टॅग चालला तर त्यांना काहीच अडचण येत नाही. तो चालला नाही तर मात्र पेच पडतो. खिशात परदेशी बँकेचे कार्ड, हातात परदेशी क्रमांकाचा भ्रमणध्वनी आणि यूपीआय नाही, अशा स्थितीत नाक्यावर पैसे भरणे अवघड होते. अनिवासी भारतीयांना आपल्या एनआरई किंवा एनआरओ खात्याशी परदेशी क्रमांक जोडून यूपीआय वापरण्याची मुभा २०२३ पासून ब्रिटन, संयुक्त अरब अमिराती, ओमान, कतार, सौदी अरेबिया आदी देशांसाठी मिळाली आहे. परंतु त्यासाठी भारतात तसे खाते असावे लागते आणि जोडणी निघण्यापूर्वी करून घ्यावी लागते. ते जमत नसेल तर सोबतच्या स्थानिक नातेवाइकाच्या यूपीआयवर अवलंबून राहावे, किंवा मालकानेच टॅगमध्ये पुरेशी रक्कम ठेवून शेवटी हिशेब घ्यावा, असे आधी ठरवून घेणे सोयीचे.

किल्ली घेण्यापूर्वी

भाडेकरार एका पानाचा असला तरी त्यात टोलविषयी चार ओळी असणे पुरेसे आहे. गाडी देताना टॅगमध्ये किती शिल्लक होती. टोल प्रत्यक्ष कपातीनुसार आकारला जाईल की ठोक. टॅग बंद असल्यास वाढीव आकार कोणाचा. आणि परतीनंतर आलेल्या कपातीची किंवा परताव्याची तड किती दिवसांत लागेल. शिल्लक दाखवणारा मालकाच्या भ्रमणध्वनीवरील संदेश छायाचित्र काढून ठेवला, तरी यातील अर्धे काम होते. छापील करारात हे मुद्दे नसतील तर मालकाला संदेश पाठवून त्याचा होकार घेतला तरी तो पुढे आधार ठरतो.

व्यावसायिकांनाही यात तोटा नाही. टोलच्या दोनशे रुपयांवरून दुरावलेला ग्राहक पुढच्या वर्षी त्याच दारात येत नाही. कपातीचे संदेश ग्राहकाला जसेच्या तसे पाठवणारा व्यावसायिक आपला विश्वास फुकटात कमावतो. बेळगाव-निपाणीचा रस्ता गोमंतकीयांना यापुढेही लागणारच आहे. त्या रस्त्यावरचा टोल देणे अपरिहार्य असले, तरी तो नेमका कितीचा होता आणि कोणी द्यायचा होता, याचा ताळा गाडी परत करण्याच्या दिवशीच घेतला जावा.